पाणीघरातल्या काचपट्ट्या

“भोंग्या, ब्रश उलटा धरलायस! दांड्यानं काय रंगवतोयस?”

“कोपरे कोरतोय, मुंगे! कलाकाराला कामात टोकू नये!”

“कलाकार म्हणे! आधी नाकावरचा निळा रंग पूस.”

पाणीघराच्या रुंद पायरीवर तिघं जण फळी रंगवत बसले होते. मुंगी बारा वर्षांची, वर्गात सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत चिवट. भोंगा हा बेकरीवाल्याचा मुलगा. तो कानात कुजबुजला तरी चौकापर्यंत ऐकू जायचं. तिसरा मुंगीचा मामेभाऊ प्रोफेसर. तो सुट्टीला आला होता, आणि येताना कपडे कमी आणि पुस्तकं जास्त घेऊन आला होता. शिवाय एक भिंग.

फळीवर मदत करणाऱ्यांची यादी लिहायची होती आणि ती संपता संपत नव्हती. शिंपीकाकांनी उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून विकल्या होत्या. केस कापणाऱ्या काकांनी महिन्यातला एक दिवस पाणीघराला देऊन टाकला होता. बँडवाल्यांनी चौकात फुकट वाजवलं होतं, तिसरीच्या वर्गाने घरोघरी फिरून रद्दी गोळा केली होती आणि भोंग्याच्या बाबांनी शनिवारचे सगळे पाव पाणीघराच्या नावाने विकायला काढले होते. एवढ्या माणसांनी एवढ्या प्रेमाने एका इमारतीसाठी राबावं, हे प्रोफेसरला फारच नवल वाटायचं.

इमारत होतीच तशी! शंभराहून जास्त वर्षांपूर्वी गावाचं सगळं पाणी इथून वर चढायचं. आत दोन मजली उंच दालन, मधोमध खोलीएवढं लोखंडी चाक, फिरता जिना आणि वर भिंतींना लागून सज्जा. नवे पंप आले आणि पाणीघराला कुलूप लागलं. पुढे ते पाडून तिथे गाड्या उभ्या करायच्या, असं घाटू लागलं. तेव्हा शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, दारात खुर्ची टाकून बसल्या. “आधी मला उचला, मग इमारतीला हात लावा!” त्यांना उचलायची कोणाची छाती? पाडायला आलेले सगळे त्यांच्याच हातचा मार खाऊन मोठे झालेले! शेवटी नगरपालिका म्हणाली, दुरुस्तीचा निम्मा भार गावाने उचलावा, निम्मा आम्ही उचलतो. अट एकच. भिंती मजबूत आहेत असं इंजिनिअरने लिहून द्यायचं.

भिंतींचं काम मुंगीच्या आजोबांनी अंगावर घेतलं. ते गवंडी. गेले दहा महिने ते रोज सकाळी चुना मळत होते आणि दगडांमधल्या फटी बोटभर, बोटभर भरत होते. मजुरीचा विषय काढला की ते उठून दुसऱ्या भिंतीकडे जायचे.

एवढ्यात आतून टोपीवाले साहेब बाहेर आले. हेच ते इंजिनिअर. डोक्यावरची पिवळी कडक टोपी ते चहा पितानाही काढत नसत. त्यांच्या मागून मान खाली घालून आजोबा.

“पुन्हा फुटल्या,” साहेब म्हणाले. “खालच्या तीन.”

सज्ज्यावरच्या भिंतीत एक जुनी लांब भेग होती. ती वाढतेय की नाही हे कळावं म्हणून साहेबांनी तिच्यावर खालपासून वरपर्यंत पाच काचपट्ट्या आडव्या चिकटवायला लावल्या होत्या. भिंत जराशी सरकली तरी पट्टी फुटणार, असा हिशोब.

“एकदा फुटल्या तेव्हा म्हटलं असेल काहीतरी. पण नव्या लावल्या, त्याही फुटल्या! गवंडीबुवा, तुमचं चुन्याचं काम कच्चं निघालं, भिंत सरकतेय. आज तिसऱ्यांदा लावून दिल्या आहेत. पुढच्या सोमवारी शेवटचं बघतो. तेव्हाही फुटलेल्या दिसल्या, तर मंगळवारच्या बैठकीत ‘इमारत धोकादायक’ असं लिहून देणार. तोवर दुरुस्ती बंद!”

घराकडे जाताना आजोबा म्हणाले, “चाळीस वर्षं झाली, एका भिंतीनं मला खोटं पाडलं नव्हतं गं.” जेवताना त्यांनी ताट अर्ध्यावर सरकवलं. मुंगीला इतकं वाईट वाटलं की तिलाही घास गिळवेना.

“उद्या सकाळी,” ती दोघांना म्हणाली, “आपण ती भेग बघायची. जवळून!”

दुसऱ्या दिवशी तिघं घोडा घेऊन सज्ज्यावर चढले. घोडा म्हणजे रंगाऱ्यांची दुपायी शिडी. भोंग्याने ती घट्ट धरली, मुंगी वर गेली, आणि प्रोफेसरने आपलं भिंग तिच्या हातात असं दिलं की जणू स्वतःची किडनीच काढून देतोय.

“काय दिसतंय?” भोंग्याने कुजबुजत विचारलं. वळचणीतली कबुतरं फडफडून उडाली.

“साहेबांच्या मदतनिसानं आळस केलाय! फुटक्या पट्ट्या काढल्याच नाहीत, शेजारीच नव्या चिकटवल्यात. बरंच झालं... थांबा! अरे, काच भेगेवर फुटलेलीच नाहीये! उजव्या टोकाला फुटलीय, भेगेपासून चार बोटं लांब!”

“बाकीच्या बघ!” प्रोफेसर उड्या मारू लागला.

“तिन्ही तशाच! उजवं टोक उडालंय. आणि वरच्या दोन धडधाकट. त्यांच्यावर कोळ्याचं जाळं आहे, चांगलं जाडजूड.”

“आणि खालच्यांवर?”

मुंगीने बोट फिरवलं. “जाळ्याचा धागासुद्धा नाही. भिंत कशी चकचकीत!”

प्रोफेसरने चष्मा वर ढकलला. “भेग वर रुंद आहे, खाली बारीक. भिंत सरकत असती तर आधी वरच्या काचा फुटायला हव्यात. हे भिंतीचं काम नाही. कोणाच्या तरी हाताचं आहे!”

“कोणीतरी मुद्दाम फोडतंय!” भोंगा गरजला. “साहेबच असणार! टोपीखाली हातोडी लपवत असतील!”

“साहेब इथवर चढतात कुठे? खाली उभे राहून दुर्बिणीतून बघतात,” मुंगी म्हणाली. “चोर सापडेल तेव्हा सापडेल. आधी भिंत सरकत नाही हे सिद्ध करू या.”

पण कसं? तिघं आजोबांकडे गेले. आजोबा अंगणात नुसते बसून होते, आणि त्यांना नुसतं बसलेलं मुंगीने जन्मात पाहिलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता आजोबांची पाठ सरळ होऊ लागली.

“काच ही साहेबांची रीत,” ते म्हणाले. “आमचे उस्ताद कागद लावायचे. पातळातला पातळ. खळीनं भेगेवर सपाट चिकटवायचा, वाळला की ताणून बसतो. भिंत केसभर हलू दे, टर्रकन फाटतो! आणि कागदाला बाहेरून धक्का लागून काही होत नाही.”

आजीच्या साडीच्या खोक्यातला पातळ कागद, पिठाची खळ आणि प्रोफेसरचं नेटकं अक्षर! त्याच दुपारी भेगेवर पाच कागदी पट्ट्या बसल्या, प्रत्येकीवर तारीख घालून. मग पहारा सुरू झाला. बुधवारी काच शाबूत, कागद शाबूत. गुरुवारी तेच. शुक्रवारीही तेच, आणि भोंगा कंटाळून चाकाला टेकून घोरू लागला.

शनिवार हा साफसफाईचा दिवस. मोठ्या बाई दर शनिवारी आठच्या ठोक्याला हजर असायच्या. “दुरुस्ती बंद म्हणजे झाडू बंद नव्हे!” असं साहेबांना त्यांनी तोंडावर सुनावलं होतं. बाकीचे लोक खाली फरशी धुवायचे, सज्जा बाई स्वतःच झाडायच्या. आज तिघं मुलं जिन्याच्या वळणावर दडून बसली होती.

बाई वर आल्या. धुळीचा त्रास नको म्हणून त्यांनी चष्मा काढून पिशवीत ठेवला, तोंडाला रुमाल बांधला आणि लांब काठीचा झाडू उचलला. जिथवर हात पोचेल तिथवर, उजवीकडून डावीकडे, वर्गात फळा पुसावा तशा जोरात त्या भिंत झाडू लागल्या.

खट्! खट्! खट्!

मुंगीने तोंडावर हात दाबला. तीन टवके फरशीवर पडले. बाईंनी ते केरात लोटले आणि पुढे सरकल्या. त्यांना काही दिसलं नव्हतं, आणि झाडूच्या आवाजात ऐकूही आलं नव्हतं!

“बाई?” प्रोफेसर पुटपुटला. “मोठ्या बाईच?”

भोंगा पहिल्यांदाच खरोखर हळू बोलला. “आता बाईंना सांगणार कोण? मी नाही बुवा! मला अजून याच गावात राहायचंय!”

मुंगी विचारात पडली. या बाई नसत्या तर आज इथे गाड्या उभ्या असत्या. त्यांची चूक सोमवारी सगळ्यांसमोर उघडी पाडायची? छे! आणि नाही सांगितलं, तर आजोबांच्या कपाळावरचा डाग कायमचा. ती उठली आणि जिना चढली.

“बाई, चष्मा लावता का जरा? एक दाखवायचंय.”

बाईंनी चष्मा लावला. केरातले टवके पाहिले, भिंत पाहिली, कागदी पट्ट्या पाहिल्या. मुंगीने सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला.

“म्हणजे तीन महिने मीच...” त्या सज्ज्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. “आणि बोल मात्र तुझ्या आजोबांना लागला.”

“आम्ही कोणाला नाही सांगणार, बाई! वारा आला म्हणून सांगू.”

“खबरदार!” बाई कडाडल्या. तिघंही दचकून सावधान उभे राहिले. “पस्तीस वर्षं मुलांना चूक कबूल करायला शिकवलं मी. आता वाऱ्याच्या नावावर ढकलू? सोमवारी सगळ्यांना बोलवा. आणि त्या टोपीला सांगा, दुर्बीण घरी ठेवून ये!”

सोमवारी पाणीघर गच्च भरलं. शिंपीकाका, बँडवाले, बेकरी बंद ठेवून आलेले भोंग्याचे बाबा, सगळे होते. आजोबा मात्र दाराशीच थांबले होते.

साहेबांनी खालूनच दुर्बीण लावली. “फुटल्यात. तिन्ही. मी काय म्हणत होतो?”

“वर या,” बाई सज्ज्यावरून म्हणाल्या.

“इथून दिसतंय की.”

“मलाही दिसतंय असंच वाटत होतं. वर या!”

त्या आवाजापुढे साहेबांचं काय चालणार? कठडा घट्ट धरत, घाम पुसत ते वर आले. बाईंनी सर्वांदेखत चष्मा काढला, रुमाल बांधला आणि कालपरवा मुलांनी लावलेल्या एका नव्या काचपट्टीवरून झाडू फिरवला. खट्! उजवं टोक उडालं.

“तुमच्या काचा मी फोडल्या,” बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. “भिंतीनं नाही आणि गवंड्यानंही नाही. चूक माझी!”

साहेब गोंधळले. “पण... सरकतच नाहीये याला पुरावा?”

“हा!” प्रोफेसरने भिंग पुढे केलं. “पाच कागद, सहा दिवस, एकही फाटलेला नाही. आणि वरच्या दोन काचा झाडू पोचत नाही म्हणून शाबूत!”

साहेब मुकाट्याने घोड्यावर चढले. त्यांनी एकेक कागद, एकेक काच पाहिली, मग नखाने चुना कोरून पाहिला. तो कोरला जाईना.

“मी ही तपासणी खालून करायला नको होती,” ते उतरून म्हणाले. “‘भेग स्थिर, भिंत मजबूत’ असं आजच लिहून देतो. काचांबरोबर कागदही लावत जाऊ. मुलांनो, माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्यांना हे सुचलं नसतं!”

दालन टाळ्यांनी दुमदुमलं. “शाबास रे माझ्या वाघांनो!” बाईंनी तिघांना कवेत घेतलं. “डोळे उघडे ठेवून बघता, आणि जे दिसतं ते तोंडावर सांगता. आणखी काय शिकवायचं असतं?” भोंग्याने ‘पाणीघराचा विजय असो’ अशी आरोळी ठोकली आणि उरलीसुरली कबुतरंही उडून गेली.

मुंगी मात्र धावत खाली गेली आणि आजोबांना हात धरून वर घेऊन आली. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली.

“गवंडीबुवा, माझं चुकलं. तुमच्या कामाला मी कच्चं म्हणालो.”

“माझं राहू द्या, साहेब,” आजोबा म्हणाले. “तुम्ही भिंतीला बोललात. तिला सांगा.”

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. ते वळले, त्या जुन्या दगडांवर तळहात टेकवला आणि सगळ्या गावासमोर मोठ्याने म्हणाले, “चुकलो.”

आजोबांनी मान हलवली. “ऐकलं तिनं,” ते म्हणाले आणि डोळे पुसत पुसत हसायला लागले.