दलदलीतला डबा

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी आमच्या घरी यावं. डबा अजून फळीवर आहे.

घडलं माझ्या प्रतापकाकांच्या बाबतीत. १९९५ चा फेब्रुवारी. टोकियोच्या पूर्वेला दोन तासांवरची एक दलदल.

काका तेव्हा बँकेच्या टोकियो शाखेत होते, घर तिथल्याच एदोगावा भागात. ज्या माणसानं जन्मात झुरळ मारलं नाही तो बदकांच्या शिकारीला गेला, कारण बोलावणारे मोरिता-सान बँकेचे बडे ग्राहक. नाही म्हणायची सोय नव्हती. बंदूक त्यांची, काकांनी फक्त बघायचं.

पहिल्यांदा गेले ते आदल्या नोव्हेंबरात, हंगाम उघडला तेव्हा. सोबत मोरितांचा भागीदार कुरोदा, काकांहून लहान, हसरा. खऱ्यांना भुलवायला पाण्यावर भरपूर लाकडी बदकं सोडलेली. कुरोदा गळ्यातली लाल दोरीची शिट्टी वाजवायचा. तीन आखूड, एक लांब. हुबेहूब बदकाचा आवाज. भोळी बदकं थव्यानं उतरायची.

कुरोदाला सुलेखाकाकूची थालीपिठं इतकी आवडली की उरलेली त्यानं डब्यासकट मागून घेतली. स्टीलचा डबा, झाकणावर काकूचं नाव कोरलेलं.

"आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत हं," काका गमतीनं म्हणाले.

"आमच्यातही नाही," म्हणत त्यानं वाकून डबा घेतला.

काका संध्याकाळच्या ट्रेननं परतले. ते दोघं मागे राहिले.

त्यानंतर कुरोदा दिसला नाही.

"तिकडे उत्तरेला, साप्पोरोला गेला, कायमचा," मोरिता म्हणाले. निरोप न घेता? डबा न देता? काकांना ते काही पटेना. फोन लावला की नुसता वाजत राहायचा.

हंगाम संपता संपता मोरितांनी पुन्हा बोलावलं. काका गेले ते केवळ कुरोदाचा छडा लागावा म्हणून.

या वेळी लाकडी बदकं अगदी मोजकी होती.

"आता शिट्टी वाजवायची नाही," मोरिता कुजबुजले. "हंगामातून वाचलेली बदकं शहाणी होतात. सगळ्याचा संशय घेतात."

संशय काकांनाही होताच.

होडी लव्हाळ्यात लावली. मोरितांचा कुत्रा काही केल्या पाण्यात उतरेना. शेपूट घालून नुसता कण्हत होता.

आणि मग... लव्हाळ्यातून शिट्टी आली.

तीन आखूड. एक लांब.

"कोण आहे तिकडे?"

"कुणी नाही. वारा असेल."

वारा पडलेला होता. लव्हाळ्याचं पातं हलत नव्हतं.

तेवढ्यात आकाशातली ती शहाणी बदकं खाली आली. सगळी एकाच जागी उतरली. मोरितांनी बंदूक उचललीच नाही. ते त्या जागेकडे बघत राहिले.

तिथून काहीतरी चकचकीत तरंगत येत होतं... सरळ होडीकडे.

काकांनी हात घालून उचललं. झाकणावर काकूचं नाव. इतके दिवस पाण्यात, तरी आतून कोरडा.

आत लाल दोरीची शिट्टी होती.

"काय आहे त्यात?" मोरितांनी विचारलं. बंदुकीचं तोंड आता काकांकडे वळलेलं होतं. मुद्दाम की चुकून, काकांना आजही सांगता येत नाही.

"काही नाही," काका म्हणाले. "रिकामाच आहे."

आणि मोरितांच्या मागे, अगदी कानाशी, शिट्टी वाजली...

डब्यातली तर काकांच्या हातात होती.

मोरितांनी बंदूक खाली ठेवून वल्हं उचललं. स्टेशनवर उतरताच काका पोलिसांकडे गेले.

कुरोदा साप्पोरोला पोचलाच नव्हता. पोलिसांनी दलदल धुंडाळली, काही मिळालं नाही. मोरिता म्हणाले, डबा प्रताप-सान स्वतःच होडीत विसरले असतील. शिट्टी पोलिसांनी ठेवून घेतली आणि डबा परत दिला. बँकेनं काकांना मुदतीआधीच पुण्याला पाठवलं.

तेव्हापासून काकू तो डबा रिकामा ठेवत नाही. मूठभर साखर असतेच.

गेल्या वर्षी ती आजारी होती. साखर राहून गेली. पंधरा फेब्रुवारी, तिकडच्या हंगामाचा शेवटचा दिवस. सकाळी तिनं डबा घासायला काढला, तर आत काहीतरी खडखडलं...

तिनं काकांना हाक मारली. त्यांनी झाकण उघडलं, पाहिलं आणि लगेच लावून टाकलं. मी समोरच बसलो होतो.

"अहो, काय आहे त्यात?" काकूनं विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले. "रिकामाच आहे."