साडेपाचचं ऊन

“सूचना क्रमांक छत्तीस!” चेतनाने आईच्या मोबाइलवरून मोठ्याने वाचलं. “लिफ्टमध्ये शिरल्यावर बटण हळूच दाबावे!”

“अरे देवा!” तिच्या वर्गातल्या शौर्यने कपाळावर हात मारला. “अजून किती आहेत?”

“पाच!”

दिवाळीची सुट्टी सुरू होऊन चारच दिवस झाले होते आणि हितेशकाकांनी मोबाइलवर सहलीच्या सूचना पाठवून नारायणगावची अख्खी पेठ वैतागवून सोडली होती. गेल्या दिवाळीत काका टोकियोला जाऊन आले, तेव्हापासून ते गल्लीतले जगप्रवासी! कुणी नुसतं “आज काय गर्दी आहे!” म्हटलं, तरी “टोकियोत असं नसतं,” असं सुरू व्हायचं. उद्या ते गावातल्या आणि आसपासच्या एकोणीस आजी-आजोबांना तिकडेच घेऊन निघाले होते. त्यांत चेतनाची दादी उगमबाई होती आणि शौर्यचे पिंपळवंडीचे आजोबा सावळारामही होते.

“ताई,” चेतनाची धाकटी बहीण रिंकू म्हणाली, “या सगळ्या सूचना हॉटेलातल्याच आहेत गं.”

दोघांनी पुन्हा यादी पाहिली. खरंच की! किटली, पडदे, लिफ्ट, संडासाची गरम होणारी बैठक. रस्त्याबद्दल एक अक्षर नाही! बाहेरची सूचना एकच होती, एकोणचाळिसावी: ‘सायंकाळी साडेपाचला, सूर्यास्तापूर्वी, बागेत जेवण. मी स्वतः तेथे छान उन्हात बसून ठेपले खाल्ले आहेत.’

“टोकियोत सूर्य कधी मावळतो?” शौर्यने विचारलं.

चेतनाने मोबाइलवर शोधलं आणि तिचा चेहराच उतरला. “चार अडतीसला!”

दादीचा चौविहार होता. सूर्य मावळला की अन्नाचा कण नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. तेहतीस वर्षांत तिने हा नेम एकदाही मोडला नव्हता. त्यात तिला मधुमेह. गेल्या वर्षी चाकणच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली, अंधार पडला आणि दादीला घेरी आली. पाण्याची बाटली हातात होती, पण तिने झाकण उघडलं नाही. परदेशात असं रोज झालं तर?

“पप्पांना सांगू या!” रिंकू उठलीच.

“थांब! पप्पा दादीचं जाणंच रद्द करतील.”

तेही नको होतं. पप्पांच्या दुकानातल्या एका जुन्या कॅलेंडरवर टोकियोजवळच्या बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं. कॅलेंडर रद्दीत गेलं, पण दादीने ते चित्र कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. वीस वर्षं ती ते बघत होती.

आधी तिघं काकांकडे गेली. काका बॅगांना लाल फिती बांधत होते.

“काका, जेवणाची वेळ कशी काढली?”

“कशी म्हणजे? भिंतीवर पंचांग आहे ना! सूर्यास्त पाच सत्तावन्न. अर्धा तास आधी पंगत!”

“पण ते आपल्याकडचं पंचांग आहे!”

“सूर्य काय दोन आहेत का? जा, मोठ्यांच्या कामात लुडबुड नको!”

लुडबुड! चेतनाच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन तिघांनी दीड तास खपून एक कागद तयार केला.

दुपारी दोन वाजता सगळी मंडळी चेतनाच्या घरी शेवटच्या बैठकीला जमली. रिंकूने अगदी भोळा चेहरा केला.

“काका, तिथे साडेपाचला गॉगल लागतो का हो?”

“लागतो म्हणजे? डोळे दिपतात!”

“आत्ता तिथे साडेपाचच वाजलेत,” शौर्य म्हणाला. “त्यांचं घड्याळ साडेतीन तास पुढे आहे. चेतना, लाव!”

टीव्हीवर टोकियोतल्या एका चौकाचं थेट चित्र आलं. कोपऱ्यात घड्याळ होतं: १७:३०. वर काळंकुट्ट आभाळ, खाली दिवेच दिवे!

“आरं हितेश!” सावळाराम ओरडले. “हितं तर रात पडली की!”

“ते... ढग आलेत.”

“मग त्या ढगात बसून तू ठेपलं खाल्लं व्हतंस व्हय?”

सगळे हसले. काका मात्र मटकन खाली बसले. “मला ताप आला होता,” ते पुटपुटले. “चारही दिवस हॉटेलच्या खोलीत पडून होतो. पडदेसुद्धा उघडले नाहीत. परत आल्यावर सगळे विचारायला लागले, मग काय सांगणार?”

पप्पा ताडकन उठले. दादीला ते बाई म्हणत. “बाई कुठेही जाणार नाही!”

“पप्पा, आधी हे बघा!” चेतनाने कागद पुढे केला. नाश्ता सकाळी सातनंतर. जेवण अकराला. आणि दुपारी चारला बस जिथे असेल तिथे थांबवायची आणि डबे उघडायचे!

दादीने चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मग ती काकांकडे वळली.

“हितेश, ताप कुणालाही येतो. त्यात लाज कसली? पण तुझ्या भरवशावर मी उपाशी पडले असते.” काकांची मान खाली गेली. “मी जाणार. पण या कागदाप्रमाणे! माझ्या पोरींनी आणि या शौर्यने माझा नेमही राखला आणि माझा डोंगरही.”

“लई हुशार पोरं!” सावळारामांनी शौर्यची पाठ इतक्या जोरात थोपटली की तो पुढेच गेला.

चौथ्या दिवशी भर दुपारी साडेबाराला टोकियोहून व्हिडिओ कॉल आला. दादीच्या मांडीवर डबा होता, चेहऱ्यावर उतरतं ऊन होतं आणि मागे तो बर्फाचा डोंगर!

“बरोब्बर चार वाजलेत, आणि मी जेवतेय!” दादी म्हणाली.

तिच्या मागे हितेशकाका पाठमोरे उभे होते. हातातला ठेपला तसाच होता.

“काका! ओ काका!” रिंकूने हाक मारली. “आता सूचना क्रमांक बेचाळीस काय?”

“शू! त्याला हाक मारू नकोस,” दादी हळूच म्हणाली. “तो पहिल्यांदाच बघतोय.”