प्रिंटर सापडत नाही

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यात मीठमसाला नाही. माझ्या मेहुण्याच्या बाबतीत घडलंय. आणि आमची ही तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर होती.

चार मार्च. भर दुपार, पावणेतीन.

मेहुणा एका लहान दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. पेशंटच्या माहितीचा फॉर्म तिथल्या क्लार्ककाकांनी बनवलेला. काका वारून चार महिने झाले होते. कुणाला काही धोका असला की ते 'टीप'च्या रकान्यात लिहायचे आणि शेवटी विचारायचे, 'वाचलंत का?'

त्या सकाळी मेहुण्यानं साफसफाईच्या नादात तो रकानाच उडवला. अतिशहाणा!

फोन वाजला.

"दादा, तुमच्या ताईंना भूल द्यायचीय. फॉर्म बघून सगळं ठीक आहे ना, तेवढं सांगा," सिस्टर म्हणाली.

त्यानं क्लिक केलं...

'प्रिंटर सापडत नाही.'

"अरे, फॉर्म उघडायचाय, छापायचा नाहीये!"

असले एरर फसवे असतात, हे त्याला ठाऊक होतं. पोट दुखत असतं आणि हे गुडघा दाखवतात. रकाना उडवल्यामुळेच बिनसलंय, हे ओळखून त्यानं कालच्या कॉपीतून तो परत आणला.

पुन्हा क्लिक...

'फॉर्म दुसऱ्या टेबलावर उघडा आहे.'

खोलीत टेबल एकच होतं.

मागे खुर्ची करकरली... काकांची खुर्ची तर केव्हाच भंगारात गेली होती.

"दादा, डॉक्टर थांबायला तयार नाहीत!"

आत टेबलावर त्याची सख्खी बहीण होती. शेवटी झक मारत त्यानं कपाटातला काकांचा प्रिंटर जोडला.

फॉर्म उघडला नाही.

पान मात्र निघालं... हिच्या नावाचं.

'टीप: भुलीचं नेहमीचं इंजेक्शन नको. श्वास थांबेल. वाचलंत का?'

तो धावत सुटला. सुई टोचायच्या आत पोचला. नंतर तपासण्या झाल्या. ते इंजेक्शन हिच्या जिवावर बेतलं असतं.

संध्याकाळी फॉर्म निमूट उघडला. हिच्या नावापुढे टीप... कोरी.

असणारच. ही त्या दवाखान्यात पहिल्यांदाच, त्याच सकाळी गेली होती.

तो कागद माझ्याकडे आहे. मेहुणा अजूनही फॉर्म उघडण्याआधी प्रिंटर सुरू करतो. हळूच म्हणतो, "वाचलं, काका."

पण काकांनी ते लिहिलं कुठे बसून, हे विचारायची हिंमत त्याला होत नाही.