शिट्टीमागचा आवाज

"अहो काका, जरा बाहेर येता का?"

हा प्रश्न माझ्या पायांना विचारलेला होता, कारण बाहेर तेवढेच दिसत होते. उरलेली मी एका छोट्या विमानाच्या डॅशबोर्डखाली उताणी पडून, दातांत टॉर्च धरून, एक तुटकी वायर शोधत होते.

"इथे काका नाहीत, मामा आहेत," मी टॉर्च काढून म्हणाले. "आणि ते जेवायला गेलेत. भाची चालेल?"

सरकत बाहेर आले तर समोर एक तरुण वैमानिक. भुरभुर पावसात भिजलेला... आणि कानाच्या पाळ्या लालबुंद.

"सॉरी... बूट बघून वाटलं—"

"बूट मामांचेच आहेत," मी म्हणाले. होते माझेच, पण बिचाऱ्याची अवस्था बघवेना.

तो नकाशांसाठी हवेतून फोटो काढणारं दोन सीटचं विमान चालवायचा. तक्रार रेडिओची होती. वाट दाखवणारं जमिनीवरचं प्रत्येक केंद्र आपली एक खूण पाठवत असतं... टूं, टूंऽऽ, टूं. वैमानिकानं ती कानांनी ओळखायची आणि मगच त्या केंद्रावर भरवसा ठेवायचा. याच्या हेडफोनमध्ये त्या खुणेवर एक बारीक शिट्टी बसली होती. इंजिनाचा वेग वाढवला की तीही चढायची.

"ढगात शिरलो की कुठलं केंद्र लागलंय तेच कळत नाही," तो म्हणाला.

मी वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरची सैल पट्टी घासूनपुसून घट्ट केली. इंजिन चालवून ऐकलं, तर शिट्टी गायब. तरी हवेतली खात्री हवी म्हणून मीच त्याला माझा रेकॉर्डर दिला. "दुसऱ्या सीटच्या हेडफोनच्या मोकळ्या जागेत ही पिन लावा, चार्जिंगची वायर विमानाच्या सॉकेटमध्ये. प्रत्येक उड्डाणाचं रेकॉर्डिंग आणा. आणि बोलत राहा, इंजिन किती वेगात आहे, काय काय चालू आहे... सगळं."

रेकॉर्डिंग आलं. शिट्टी होतीच! मी एक केबल बदलली. पुन्हा शिट्टी. दुसरी बदलली... जमिनीवर गप्प, हवेत शिट्टी. मामांनी तर त्याचं नावच ठेवलं.

"अगं, तुझा शिट्टीवाला आलाय!"

"मामा, हळू!"

"त्याच्या कानात शिट्टी वाजतेय, त्याला कुठलं ऐकू जायला!"

सुरुवातीला रेकॉर्डिंगमध्ये तो शहाण्यासारखं बोलायचा. "इंजिन दोन हजार. दिवे बंद. शिट्टी आहे." मग हळूहळू... "शिट्टी आहे. डावीकडे नदी आहे. होडीत एक बाई उभी राहून छत्री उघडतेय, आता ही पडणार... नाही, वाचली." एकदा तर, "खाली तुमच्या हँगरचं छप्पर दिसतंय. तुम्ही आत आहात ना?"

मी ते घरी नेऊन ऐकायची. कामच होतं ते! पण कामासाठी कुणी एकच रेकॉर्डिंग तीन-तीनदा ऐकत नाही, आणि ऐकताना उशीत तोंड खुपसून हसत तर मुळीच नाही.

एका दुपारी चहा पिताना तो म्हणाला, "मालकांनी लांब दुसऱ्या शहरात काम घेतलंय. विमान नीट झालं की मलाही तिकडेच बोलावलंय. कायमचं."

"मग... जाणार?"

"विमान तर नीट होऊ दे," असं म्हणून त्यानं माझ्याकडे असं काही पाहिलं की मी घाईघाईनं पक्कड शोधायला लागले. पक्कड माझ्या हातातच होती.

त्या दिवसापासून एक मन म्हणायचं, तो दोष सापडूच नये. पण ढगात शिरणारा माणूसही तोच होता ना! मी जीव लावून शोधत राहिले.

आणि परवा सकाळी त्यानं आणलेलं रेकॉर्डिंग मी हँगरमध्येच लावलं, तर...

"चार्जिंगची वायर घरी राहिली. आज रेकॉर्डर बॅटरीवर. इंजिन दोन हजार..."

मागे नुसतं टूं, टूंऽऽ, टूं. लख्ख! मी कपाळावर हात मारला. माझा रेकॉर्डर एका वायरीनं विमानाची वीज घेत होता, दुसरीनं आवाज, आणि शिट्टी तोच हेडफोनमध्ये सोडत होता. जमिनीवर तपासताना तो जोडलेलाच नसायचा. खरा दोष तर पहिल्याच दिवशी गेला होता. कुंपणच शेत खात होतं! मी हेडफोन फेकून बाहेर पळाले.

तो विमानाजवळ उभा होता, जरा फिकाच. "ऐकलंत?"

"ऐकलं! आणि पहिल्या मिनिटातच सगळं समजलं."

"मग... तुमचं उत्तर?"

"सोपं आहे. रेकॉर्डर काढून टाकायचा. विषय संपला." मी उसनं हसले. "आता तुम्ही खुशाल जा."

"संपला..." तो स्वतःशीच म्हणाला. मग टोपी नीट केली. "बरं. एक चक्कर मारून खात्री करतो. उतरलो की मालकांना फोन करून 'हो' सांगून टाकतो."

विमान उडालं. हँगरमध्ये मामा चाकात हवा भरत होते. मी उगाचच हेडफोन लावला. म्हटलं, जाणारच आहे, तर निदान आवाज तरी ऐकू. सकाळी मी जिथे थांबले होते, तिथून पुढे...

"...शिट्टी नाही. अरे, म्हणजे त्या वायरीचंच होतं! खरं सांगू? आनंद व्हायला हवा, पण होत नाहीये. तुमच्याकडे यायला आता निमित्तच उरलं नाही. मला तुम्ही फार आवडता. बुटांना काका म्हणालो, त्या दिवसापासून. जायला कारणं पुष्कळ आहेत. थांबायला एकच पुरे. तुम्ही सांगाल?"

आणि मी काय सांगितलं होतं? विषय संपला!

धावत जाऊन मी भिंतीवरच्या रेडिओचा माईक उचलला. आसपासचे सगळे वैमानिक त्याच रेडिओवर असतात, हे मला ठाऊक होतं. असू देत.

"हँगरमधून बोलतेय. ऐकू येतंय?"

"येतंय," त्याचा थकलेला आवाज. "अगदी स्वच्छ. तुमचं काम झालं."

"नाही झालं. मी रेकॉर्डिंग एक मिनिटच ऐकलं होतं. दोष कळला आणि... बंद केलं."

मागे मामांचा पंप थांबला.

"आणि आता?"

"आता शेवटपर्यंत ऐकलं. मालकांना फोन करू नका. थांबायला कारण आहे. मला... मलाही तुम्ही आवडता."

रेडिओवर भलताच कुणीतरी खाकरला, "अभिनंदन हो दोघांचं! आता रेडिओ मोकळा करता का? मला उतरायचंय."

"काखेत कळसा नि गावाला वळसा," म्हणत मामांनी पंप पुन्हा सुरू केला.

तो उतरला तो धावतच आला. पाळ्या पहिल्या दिवसासारख्याच लाल. "परत सांग ना. इंजिन चालू होतं, नीट ऐकू नाही आलं."

"खोटं! तो रेडिओ मी दुरुस्त केलाय."

"तरी सांग..."

मग मी सांगितलं, अगदी कानाशी जाऊन. त्याआधी रेकॉर्डर बंद आहे ना, तेवढं मात्र दोनदा पाहून घेतलं.