पंप डायरेक्ट

बसा गा निवांत. लाइट येईन तवा येईन. शिवम, तो मोबाइलचा उजेड बंद कर, डोळ्यात जाते. सकाळी गाडीचं इंजिन बदलतो म्हनत होतास ना? मंग हे आयक. हे कुठं वाचलेलं नाई. माहा दोस्त होता देवमन मिस्त्री, बार्शीटाकळीचा, त्याच्यासंगं झालेलं हाय.

काम साधंच होतं त्याचं. पोरगी शालू पहिल्या बाळंतपणाले माहेरी आलती. अकोल्याच्या डॉक्टरीनबाईनं बजावून ठेवलं होतं, पोट दुखाले लागलं का घंट्याभरात इथं आना, इचं प्रकरन नाजूक हाय. आता रात्री-बेरात्री गाडी कोनाले मागता? देवमनच्या दारात बापाच्या टायमाची अँबेसिडर उभी होती, इंजिन जाम झालेलं. त्यानं भंगारातून एका ठोकलेल्या गाडीचं इंजिन आनलं. इंजेक्शनवालं, नव्या गाड्यायचं. संगं त्याचा कॉम्प्युटर, सारं वायरिंग. ती गाडी कुठं ठोकली, आत कोन होतं, त्यानं इचारलं नाई. भंगारात जाऊन हे कोनी इचारत नाई.

पंधरा दिवसांत इंजिन बसलं. जुन्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनलेच लागून राहे, इंजिन फिरलं का तोबी फिरे. या नव्याचा पंप विजेवर चालते. अन् त्याले वीज द्यायची का नाई, हे तो कॉम्प्युटर ठरवते. एवढं ध्यानात ठेवा.

दिवसा गाडी मस्त. अकोल्याले जाऊन ये, काई तक्रार नाई. रात्री ट्रायल घेतली तं अर्ध्या रस्त्यात, नाल्याच्या पुलाच्या अलीकडं, बंद. झटका नाई, आवाज नाई. दहा मिनिटांनी चावी फिरवली तं चालू. दुसऱ्या रात्री तिथंच बंद. देवमनची झोप उडाली. शालूले घेऊन चाललो अन् इथंच बंद पडली तं?

पंपाले वीज जोडनारा रिले बदलला. पंप नवा टाकला. अर्थिंग घासून चकचकीत केलं. टेस्ट लॅम्प पंपाच्या वायरले जोडून समोर डॅशबोर्डवर लटकवला. पूल जवळ आला का लॅम्प विझे. म्हंजे पंपाची वीजच कापल्या जाये. जावई अनुप म्हने, "मामाजी, अकोल्यात स्कॅनरवाला हाय. त्या कॉम्प्युटरलेच इचारू ना, काहून बंद करून राहिला म्हून."

देवमन म्हने, "चाळीस वर्सं मी कानानं गाड्या दुरुस्त केल्या. तो डब्बा मले शिकवीन काय?"

पहिल्या दोन धरून सात रात्री त्यानं ट्रायल घेतली. साती वेळा गाडी तिथंच थांबली.

आठव्या दिवशी सकाळी त्यानं साऱ्या मिस्त्री लोकायची शेवटची दवा केली. पंप डायरेक्ट. बॅटरीवरून सरळ वायर, मंधात एक बटन. कॉम्प्युटरनं वीज कापो का न कापो, पंप चालूच. टेस्ट लॅम्प तेवढा कॉम्प्युटरच्या वायरलेच राहू दिला. मी तिथंच चहा पेत बसलो होतो. मीच म्हटलं, "आता कशी बंद पडते, पाहू." ते म्हटल्याचं मले अजून वाईट वाटते, बाप्पा.

त्याच रात्री शालूचं पोट दुखाले लागलं. दोन हजार तेवीस, एकोनीस डिसेंबर, मंगळवारची रात्र. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. मागच्या सीटवर शालू, अन् तिची माय, माया, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. थंडी अशी का काच आतून पुसा लागे.

"बाबा, थांबू नका बरं."

"नाई थांबत, पोरी."

हे पुढचं देवमननं मले एकदाच सांगितलं. पुन्हा मी इचारलं नाई.

पूल दिसला.

लॅम्प विझला.

गाडी चालूच होती... देवमनले हसू आलं. जितलो म्हने.

मंग चावी हलली.

खड्डा नव्हता. चावी हळूच बंदच्या बाजूनं फिरून राहिली होती... त्यानं हात लावला. चावीवर आधीच कोनाचा तरी हात होता. गार. दिसत काई नव्हतं. शेजारची सीट रिकामी.

त्यानं चावी दाबून धरली. तो हात तिकडं फिरवे, देवमन इकडं. मागं शालू कन्हत होती. एक हात स्टेरिंगवर... डोळे चावीवर...

"थांबत नाई म्हटलं ना," तो म्हने. कोनाले म्हने, त्यालेच माहीत.

पूल गेला.

हात सुटला. एकदम.

देवमननं वर पाहिलं.

वळणावर कापसाची ट्रॉली उभी होती. मागं लाइट नाई. माणूस नाई...

अॅम्ब्युलन्स आली तवा शालू अन् पोटातलं लेकरू, दोघंबी गेलते. माया वाचली. देवमनबी वाचला, पन त्याले वाचला म्हना लागते म्हून म्हनतो.

दोन महिन्यांनी अनुपनं तो कॉम्प्युटर काढून अकोल्याले नेला. देवमन संगं गेला. स्कॅनरवाल्या शेखरनं डब्ब्याले तार जोडली, पडदा पाहिला अन् म्हने, "काका, इंजिन बसवल्यावर ही गाडी सात वेळा ठोकली काय? धडक बसली का समोरचा सेन्सर खबर देते, अन् हा डब्बा पंप बंद करते. अशा सात नोंदी हायेत."

"अन् आठवी? ट्रॉलीवाली?" देवमन म्हने.

"आठवी नाई."

देवमन म्हने, "तो सेन्सर मी लावलाच नाई. अँबेसिडरले जागा नव्हती त्याची. भंगारातच सोडून आलो होतो."

शेखरनं डब्बा उलटा करून प्लग उजेडात धरला. सेन्सरची पिन रिकामी होती. देवमनच्या गाडीत तिले वायर लागलीच नव्हती.