रंग काढून टाकायचे का?

फोटो हिरवे आले होते.

झाडांसारखे हिरवे नव्हेत. ओल आलेल्या भिंतीवर असते तशी एक शेवाळी झाक, आणि तीही सगळ्या फोटोंवर. मनीने फोटो छापायच्या दुकानात काउंटरवरचे नमुने एकेक करून उजेडात धरले आणि तिच्या तोंडाचा आ झाला. उद्या संध्याकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये तिचं आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन. विषय – ‘वाट बघणारी माणसं’. सगळे फोटो कृष्णधवल. आत्याने तर ओळखीच्या झाडून साऱ्यांना बोलावून ठेवलं होतं.

“हे काय आहे? मी काळे-पांढरे फोटो दिले होते. हे... हे पावाला बुरशी आल्यासारखे दिसतायत.”

“म्हणून तर फोन केला,” काउंटरमागून आवाज आला. “नमुनेच काढलेत. बाकीचे थांबवलेत.”

चांगलं भांडायचं ठरवून तिने मान वर केली, आणि भांडण विसरूनच गेली. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर एक स्वेटर लटकत होता. नारिंगी. डोळ्यांत खुपेल असा भडक. त्या स्वेटरचा टाका न् टाका तिला पाठ होता. आणि खुर्चीशेजारी त्याचा मालक उभा होता, हातात तिचा पेनड्राइव्ह घेऊन.

मनी हे तिचं घरातलं नाव. लहानपणापासून मांजरासारखी खिडकीत बसून रस्ता बघत राहायची, म्हणून आत्याने ठेवलेलं. यंदाची सगळी थंडी तिने त्याच खिडकीतून, कॅमेरा डोळ्याला लावून, समोरचा बसथांबा टिपला होता. तिथे रोज सकाळी हिरव्या शटरला टेकून हा उभा असायचा. तो कोण, कुठे जातो, काय करतो... काही म्हणजे काही तिला माहीत नव्हतं. तो फोटो छापतो, हे आत्ता कळत होतं; पेनड्राइव्ह द्यायला आली तेव्हा काउंटरवर दुसराच कुणी होता.

“फाइल आरजीबीत आहे,” तो सांगत होता. “त्यामुळे मशीनला वाटतं फोटो रंगीतच आहे. मग ते करडा रंगसुद्धा सगळ्या शाया एकत्र करून बनवतं. एखादी शाई कणभर जास्त पडली की हे असं होतं. ग्रेस्केल केलं की झालं. मग फक्त काळी शाई चालते.”

“मग करा की.” आवाज आपलाच आहे ना, अशी तिला शंका आली.

“करतो. पण त्याआधी...” त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवला. “इथे शटरला टेकून कुणीतरी उभं आहे. दिसतंय? नाही ना? माणूस आणि शटर एकाच करड्यात गेलेत. तुम्ही रंगांवर चढवलेला काळा-पांढरा थर, ती लेअर, क्षणभर बंद केली, खालचे रंग बघितले, तर त्याला बाहेर काढता येईल. ग्रेस्केल केल्यावर मात्र नाही. तेव्हा रंगच उरत नाहीत.”

 त्या माणसाला मनीनेच तर करड्यात बुडवलं होतं. नारिंगी आणि हिरवा एक होईपर्यंत बसून, मोठ्या मेहनतीने. कारण थांब्यावर माणसं ढीगभर, पण कॅमेरा दर वेळी एकाच्याच मागे गेलेला... आणि आत्याची नजर म्हणजे घार.

“लेअर बंद करू नका,” ती घाईघाईने म्हणाली. “तो माणूस महत्त्वाचा नाही.”

“नाही?”

“अजिबात नाही.”

“बरं,” तो म्हणाला. दाताच्या डॉक्टरला म्हणतात तसं. “दुसरी प्रत असेलच घरी?”

“आहे.” ही शुद्ध थाप होती. घरचा कॉम्प्युटर गेल्याच आठवड्यात बसला होता.

त्याने बटण दाबलं. पडद्यावर एक चौकट उघडली.

“विचारतंय, रंगांची माहिती काढून टाकायची का? आमच्याकडे नियम आहे, गिऱ्हाइकाने तोंडाने ‘हो’ म्हणायचं. मागे एकाच्या मुलीचे लहानपणचे सगळे फोटो कायमचे करडे झाले, तेव्हापासून.”

मनीने ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं, आणि तिला तो शब्द येईचना. धुक्यातला तो नारिंगी ठिपका. म्हाताऱ्या बाईला रांगेत पुढे करणारा. बुटावर डोकं ठेवून झोपलेल्या कुत्र्यासाठी पाय न हलवता उभा राहिलेला. तिने त्याला लपवलं होतं, पण टाकून द्यायचं तिच्या मनातही नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली. “दाबू नका. दुसरी प्रत नाहीये. खोटं बोलले मी.” आणि मग, आता बुडालोच आहोत तर पूर्णच बुडू, म्हणून – “करा बंद ती लेअर. बघून घ्या एकदाचं.”

त्याने लेअर बंद केली.

शटरवर नारिंगी रंग भस्सकन उजळला. तो बघतच राहिला. दुसरी फाइल उघडली – नारिंगी. तिसरी – तेच. तो मागे सरकला आणि खुर्चीत धपकन बसला.

“म्हणजे... तुम्ही रोज तिथेच उभे असायचात, म्हणून...” जमीन दुभंगली तर बरं, असं मनीला मनापासून वाटत होतं.

“मी रोज तिथेच उभा असायचो,” तो हळू आवाजात म्हणाला, “कारण तिथून तुमची खिडकी दिसते.”

मनीने पुन्हा पडद्यावरच्या नारिंगी ठिपक्याकडे बघितलं.

“पहिल्यांदा कॅमेरा दिसला तेव्हा मी मागे वळून बघितलं, कुणाचा फोटो चाललाय म्हणून. दुसऱ्या दिवशी हा स्वेटर चढवला. माझा नाहीये, भावोजींचा आहे. ताई म्हणाली, हा घालून तू सिग्नलचा दिवा दिसतोस. म्हटलं, तेच तर हवंय.” त्याने केसांतून हात फिरवला. “आणि आज सकाळी फाइल उघडली. थांबा तोच, शटर तेच... आणि मी गायब. परीक्षेत नापास झालो तेव्हाही एवढा धक्का बसला नव्हता. लेअर बंद करून बघावंसं फार वाटलं. पण विचारल्याशिवाय नाही करत.”

मनीला हसू आवरेना. डोळ्यांत पाणी का येतंय, हेही कळेना. “तू दिसावास म्हणून स्वेटर घालत होतास... आणि मी तो कुणाला दिसू नये म्हणून जीव काढत होते.”

‘तू’ ऐकून त्याचा चेहरा असा काही उजळला की तिने चटकन पडद्याकडे बघितलं.

“काढू त्याला बाहेर?” त्याने विचारलं.

“काढ.”

पडद्यावर रंग परत करडे झाले, पण स्वेटर या वेळी हळूहळू फिका होत गेला, आणि शेवटी गडद शटरसमोर तो स्वच्छ, ठसठशीत उभा राहिला. मग त्याने सगळ्या फाइलींच्या प्रती केल्या आणि प्रतींवर तो प्रश्न पुन्हा आला. ‘हो’ दोघं एकदमच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आत्या हॉलमध्ये चष्मा लावून एकेका फोटोपुढे थांबत गेली. मध्येच ती परत पहिल्या फोटोकडे आली. मग तिसऱ्याकडे.

“मने, या सगळ्या फोटोंत एकच मुलगा आहे.”

मनी सरळच असलेली एक चौकट सरळ करू लागली.

“कसली ही बससेवा? बिचाऱ्याची बस कधी येतच नाही वाटतं.”

तेवढ्यात दारातून नारिंगी स्वेटर आत आला आणि सरळ मनीच्या शेजारी येऊन उभा राहिला. आत्याने स्वेटर बघितला, फोटो बघितला, परत स्वेटर बघितला. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

“बस यायची हो,” तो म्हणाला. “मी सोडून द्यायचो.”