तीन नंबरच्या टाकीचा ताबा

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

माझी आतेबहीण स्वरूपा बारामतीला असते. कारखान्यांच्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहिते. निमगाव केतकीजवळच्या एका दूध केंद्रावर मागच्या वैशाखात हे घडलं.

भर दुपारी.

तिथल्या तीन नंबरच्या टाकीवर तिचा प्रोग्राम तीन कामं एकाच वेळी सांभाळायचा. दूध भरणं, काढणं, धुणं. टाकीचा ताबा मात्र एका वेळी एकालाच. ही रीत तिने तिथल्या माणसांकडूनच उचललेली. टाकी घासायला आत उतरणारा आपला टॉवेल व्हॉल्व्हच्या चाकाला बांधतो. तो बाहेर येऊन स्वतः सोडेपर्यंत दूध सोडायचं नाही.

आठ दिवस झाले, रोज दोन चाळीसला सगळं ठप्प व्हायचं. टँकरमधलं दूध नासायचं.

ताबा कुणी मागितला, कुणी घेतला, कुणी सोडला, याची सेकंदासेकंदाची नोंद तिने सुरू केली आणि पडद्यासमोर बसली.

दोन चाळीस…

भरणं: वाट पाहतंय.

काढणं: वाट पाहतंय.

धुणं: वाट पाहतंय.

मग टाकी कुणाकडे?

खाली ओळ उमटली…

चौथा: ताबा घेतला.

चौथं काम तिने लिहिलंच नव्हतं.

ती धावत गेली. झाकण उघडलं. आत कुणी नाही. कोरडी टाकी.

पण वास…

नासक्या दुधाचा, ओल्या केसांचा. झाकणाच्या कडेचा पिवळा, चिकट थर तिच्या बोटांना लागला. त्यात पांढरे केस होते.

"रिकामीच हाय की, मॅडम," केंद्र चालवणारा रणजित म्हणाला. "भाईर आठ हजार लिटर नासतंय. काढा त्यो ताबा."

तिने पडद्यापाशी परत येऊन ताबा जबरदस्तीने काढला. दूध धो धो पडू लागलं.

पडद्यावर ओळी येऊ लागल्या…

चौथा: थांबा.

चौथा: थांबा.

अकरा मिनिटं. 'थांबा' हा शब्द तिच्या प्रोग्राममध्ये कुठेच नव्हता.

टाकी भरली. ओळी बंद झाल्या.

रणजित तंबाखू थुंकला.

"सर्जेराव असंल."

"कोण सर्जेराव?"

"टाक्या घासायचा. पोरीच्या लग्नाची गडबड, दोन रात्री जागलेला. ह्याच टाकीत, दुपारच्या ह्याच येळेला चक्कर येऊन पडला. मला वाटलं, गेला घरी. टॉवेल मीच सोडला, दूधबी मीच सोडलं."

तिने विचारलं.

"आणि ते दूध?"

"गाडी उभीच हुती, मॅडम. गेलं पुढं."

ती तिथेच भडाभडा ओकली.

त्या दुपारपासून टाकी एकदाही अडकलेली नाही. रणजित फोन करून करून तिचं कौतुक करतो. म्हणतो, तुमच्या हाताला गुण हाय.

स्वरूपा तो हात अजून धुते. आत खरंच कुणी होतं का, हे तिला आजही सांगता येत नाही. असलाच, तर त्याने तिला अकरा मिनिटं थांबा म्हटलं होतं.

आणि ती वाचत बसली होती.